जाहीर करण्यासारखं काही?

मलाबाच्या नाक्यावर माझी खिडकी तिसरी.
सकाळी शिक्क्याची गादी ओली करेपर्यंत
ट्रकांची शेपटी टेकडीपल्याड गेलेली असते.
नियम आहे, प्रत्येकाला विचारायचं :
जाहीर करण्यासारखं काही?

सिमेंट, म्हणतात. साबण. चाळीस टन लोखंडी सळ्या.
शब्द कुणीच लिहून देत नाही.

मोंबासाहून फुमो हमादी येतो, आठवड्याआड.
त्याच्या स्वाहिलीला किनाऱ्याचं खोबरेल चोपडलेलं.
गाडीला तो गारी म्हणतो, पैशाला पेसा,
रंगाला रांगी, दुकानाला दुका.
कुठल्याशा शिडाच्या गलबतातून उतरले असतील हे,
तेव्हा कागद मागायला खिडकी नव्हती.
पण कांदा-टोमॅटोची कचुंबरी?
ती आमचीच, फुमो शपथेवर सांगतो.

इथून पुढे त्याची भाषा टायरसारखी झिजते.
कंपालात अर्धी हातवाऱ्यांनी पुरी करावी लागते,
किगालीत दबक्या पावलांनी चालते,
आणि गोमात तिच्या अंगात फ्रेंच शिरते,
कमरेत लचकायला लागते ती.
फुमो म्हणतो, तीच आहे,
पण सासरी जाऊन आलेल्या बहिणीसारखी
ओळखायला जरा वेळ लागतो.

आमची भाषा नाका ओलांडत नाही.
नाकाच तिच्या मधोमध येऊन उभा राहिलाय.
नदीच्या अल्याड मामाचं शेत, पल्याड आत्याची चूल,
दोन्हीकडे भेटल्यावर योगा म्हणायचं,
समोरच्यानं म्हणायचं योगा नोई.
कुणा साहेबानं पट्टी ठेवून रेघ ओढली
तेव्हा कुणीतरी कुणाला जेवायला बोलावत असणार :
हाक त्या काठाला राहिली,
ओ ह्या काठाला.

माझी आई पल्याडची.
तिला स्वाहिली चालत नाही.
चालत नाही म्हणजे, कानावर पडली
की ती दाराला कडी घालते.

सत्त्याहत्तर साल. रस्त्यात आडवा टाकलेला ओंडका,
गणवेशातली चार माणसं, आणि
सिमामा.
थांब.
माझे वडील थांबले.
त्या रात्री आई मला पोटात घेऊन नदी उतरून आली.
अख्ख्या भाषेतलं ते एकच क्रियापद तिनं बरोबर आणलं
आणि ते अजून आमच्या अंगणात उभं आहे.

मी इथल्या शाळेत तीच भाषा गाऊन शिकले.
तिच्यावर माझा पगार होतो.
घरात शिरताना चपलांबरोबर
बाहेर काढून ठेवते.

मार्चमध्ये संगणक बंद पडले, दोन दिवस.
रांग थेट आमच्या कुंपणाला येऊन टेकली.
फुमो पाणी मागायला आला, त्याच्या त्या गोड गळ्यात,
आई दचकून उठली
आणि मांडीवरचं सूप उपडं झालं.
शेंगदाणे अंगणभर.

तो खाली बसला. वेचायला लागला.
म्हणाला, पोले, मामा.

पोले म्हणजे माफ करा नव्हे, बिचारी नव्हे.
दोष कुणाचाही असो, दुखतंय तुला,
आणि ते मला दिसतंय, असं काहीतरी.
मराठमोळ्या, फ्रेंच, कुठल्याही भाषेला विचारा,
दोन अक्षरांत बसवताना घाम फुटेल.

आई कडीला हात लावून उभी.
बराच वेळ.
मग मला म्हणाली, आतेसोत,
त्याला सांग, कोपऱ्यातले राहिलेत.

मी भाषांतर केलं.
तोवर तो कोपऱ्यात वाकलेलाच होता.

तिसऱ्या दिवशी रांग हलली. तो खिडकीशी आला.
जाहीर करण्यासारखं काही?
सळ्या, म्हणाला. आणि वाटीभर शेंगदाणे.
शेंगदाणे मी लिहिले नाहीत.

आई अजूनही कडी घालते.

गोमाहून परतताना, धुळीनं पांढरा झालेला,
त्यानं कागद सरकवले आणि म्हणाला
एयामाला.
एयालामा, मी म्हटलं. धन्यवाद, असं म्हणायचंय ना?
हो, तेच, एयामाला.

मी शिक्का मारला.
जाऊ दिलं.